बॅटरी काढलेल्या पिकअपमधला दिवा

लालबागच्या आमच्या चाळीत भुतं मजल्याप्रमाणे वाटून दिलेली होती. तळमजल्याला नळावरची पांढऱ्या लुगड्यातली बाई, पहिल्याला बिनमुंडक्याचा जॉबर, म्हणजे मिलमधला मुकादम, दुसऱ्याला रात्रपाळीहून परत येणाऱ्या चपला... नुसत्या चपला, आत पाय नाहीत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या वाट्याला काही आलं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं झोपायचो, भुताने पाय पसरायचे कुठे? आणि आलं असतं तरी मी त्याला उभं केलं नसतं. मी एसएससी पास होते, आख्ख्या मजल्यावर एकटी. ते सर्टिफिकेट फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगलं होतं, यावरून डोक्यात किती हवा होती ते समजून घ्या. शेजारणीने मायेने आमच्या मासळीच्या पिकअप गाडीला लिंबू-मिरच्या बांधल्या, तर मी त्या सोडून मिरच्या कालवणात घातल्या.

हे सदर मला नातीने मोबाइलवर दाखवलं. कुणाला घाटात बाई भेटली, कुणाला रिकाम्या बंगल्यात पावलं ऐकू आली. माझ्या अनुभवात घाट नाही, बंगला नाही, अंधारही नाही. चिंचपोकळीला स्टेशनच्या अंगाला गॅरेजांची एक गल्ली होती, तिथे शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला, मासळीचा वास मारणाऱ्या एका जुन्या डिझेल पिकअपमध्ये तो आला. गिरण्यांच्या संपाला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. जसा आला तसा सांगते, वासासकट.

आमचे हे (नाव घ्यायची सवय नाही, आता या वयात कुठे लावून घेऊ) मिलमध्ये वायरमन होते. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात आणि कापड निघतं तिथे. माणूस असा की तोंडातून शब्द काढायला पाना लागायचा. लग्न ठरलं तेव्हा मी मैत्रिणींना सांगितलं होतं, ते गंभीर आहेत, सारखे कसल्या तरी विचारात असतात. अकरा वर्षांच्या संसारात कळलं की ते खरोखरच विचारात असायचे — फ्यूजच्या.

ब्याऐंशी साली संप झाला. आधी सगळे म्हणायचे होळीपर्यंत मिटेल, मग म्हणायला लागले गणपतीपर्यंत. मिटला असं कोणी सांगितलंच नाही. माणसं आपली हळूहळू गावाला गेली, नाक्यावर गेली, कुठे कुठे गेली. हे चिंचपोकळीला एका गॅरेजमध्ये जाऊन बसले आणि अडतिसाव्या वर्षी गाड्यांची वायरिंग शिकले. दोन वर्षांनी यांनी आणि माझ्या दिराने, दिलीपभावजींनी, मिळून ती पिकअप घेतली. आमच्या लग्नाआधीची गाडी, पत्र्याला भोकं. काम चांगलं मिळालं होतं... शीव कोळीवाड्यातल्या बायकांची मासळी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून उचलायची आणि दादरच्या बाजारात पोचवायची. गाडी भावजी चालवायचे. वायरिंग यांनी मुळापासून स्वतः नवी केली. महिनाभर दर रविवारी मी चहा घेऊन खाली जायचे, गाडीखालून एक काळा हात बाहेर यायचा, त्यात कप ठेवायचा. हात आत जायचा. रिकामा कप बाहेर यायचा. त्या महिन्यात मी नवऱ्याचा तेवढाच भाग पाहिला, आणि आता आठवायला बसले की चेहऱ्याआधी तो हातच आठवतो.

मग यांना कावीळ झाली. परळला हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते. नवव्या दिवशी मी घरी पेज आणायला आले. परत गेले तर खाटेवरची चादर घडी करून ठेवली होती.

मी नर्सबाईंना विचारलं, जाताना काही बोलले का? त्या म्हणाल्या, नाही. झाडूवालीला विचारलं. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "झोपेतच गेला गं, बोलेल काय?" तरी मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारलं. एक शब्द हवा होता मला. 'पेज नको' एवढा असता तरी चाललं असतं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही.

हे गेल्यानंतर तीन महिन्यांनी हॉर्न बिघडला, म्हणून भावजींनी शीवचा एक मेकॅनिक आणला. मी देखरेखीला उभी, कारण एसएससी पास. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, हे वायरिंग कोणी केलंय, अर्ध्या वायरी जादा आहेत. गाडीत वीज वायरीने जाते आणि बॉडीच्या लोखंडातून परत येते, सगळ्या गाड्यांत तसंच असतं. इथे तर परतीसाठीही प्रत्येकाला वेगळी काळी वायर ओढलीय. काढून टाकू का?

मला टापटिपीची भारी खोड. त्या काळ्या वायरी खाली लोंबायच्या, अंबाडा सुटल्यासारख्या. शिवाय मला शाळेतलं वाक्य आठवलं — धातू हे विजेचे सुवाहक असतात. ते मी भावजींना मोठ्याने म्हणूनही दाखवलं. मग मेकॅनिकने वायरी कापल्या, मी त्याला चहा पाजला, आणि निघालेलं तांबं भंगारवाल्याला घालून सुरमई आणली. चवीला चांगली होती, खोटं कशाला बोलू.

महिन्याभरात गाडीच्या अंगात आलं. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर लागायचा. हॉर्न दाबला की वायपर अर्धा हात वर करून थांबायचा, उत्तर अर्धवट येणाऱ्या पोरासारखा. हेडलाइट लावले की बाकी सगळं निस्तेज. पहाटे थंड इंजिन गरम करणारा हीटर तापायचा नाही, स्टार्टर नुसता टक् टक् करायचा. डिझेलची गाडी एकदा चालू झाली की तिला विजेची फारशी गरज नसते, म्हणून कोणी ढकलली की ती पळायची. पण धक्क्यावर बंद करावी लागली की झालं... बर्फ वितळतोय, पापलेटं डोळे पांढरे करतायत आणि कोळिणी आमच्या सात पिढ्या मोजतायत. नवी बॅटरी घातली. डायनॅमो भरून घेतला. स्टार्टर बदलला. तीन मेकॅनिक झाले, तिघांनी तीन रोग सांगितले, आणि गाडी चौथ्याच रोगाने आजारी.

शेवटी कोळिणींनी दुसरा टेम्पो लावला. भावजींना एका ऑफिसात ड्रायव्हरची नोकरी लागत होती, त्यांनी भंगारवाला ठरवला. शनिवारी चार वाजता येऊन तो गाडी तोडायला नेणार होता. मी अडून बसले. भावजी वाईट माणूस नव्हते, माझ्यासमोर बसून हळूच म्हणाले, "वहिनी, दादा त्या गाडीत नाही गं."

मी म्हटलं, ते मला माहीत आहे, मी शिकलेली आहे. पण खरं सांगू? यांनी माझ्यासाठी ना पत्र लिहिलं होतं, ना एखादा फोटो नीट काढून घेतला होता. त्यांच्या हातचं म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते त्या गाडीत होतं. ती तुटली की संपलं. भावजी म्हणाले, चारपर्यंत सेल्फने चालू झाली तर ठेवू. म्हणजे धक्का न मारता, नुसती चावी फिरवून. झाली तर मी नोकरी घेत नाही.

मला एकच माणूस सुचला. बाबलभाऊ. मिलमध्ये बारा वर्षं यांचा जोडीदार, मालवणकडचे, यांच्याहून मोठे. संपानंतर चिंचपोकळीच्या त्याच गल्लीत मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं छोटं दुकान टाकून बसले होते. चाळीतल्या माणसांनी शनिवारी दुपारी गाडी ढकलत तिथे नेली. सोबत मी यांची हत्यारांची पिशवी नेली. त्यात यांचा टेस्ट लॅम्प होता, म्हणजे होल्डरमधला साधा गाडीचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा एकीकडे लावायचा, सुई दुसरीकडे टेकवायची. मध्ये वीज असेल तर दिवा लागतो. एवढंच त्याचं शास्त्र.

बाबलभाऊंनी तो दिवा हातात घेऊन जरा वेळ नुसता पाहिला. मग बॅटरीला एक टोक लावून दुसरं इंजिनला टेकवलं. लख्ख. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला टेकवलं, विडीच्या टोकाएवढा लाल. मागच्या पत्र्याला टेकवलं, काहीच नाही. त्यांनी मान हलवली आणि डॅशबोर्डखाली वाकले. तिथे कापलेल्या काळ्या वायरींची सात थोटकं होती.

"ह्यो वायरी कोणी कापल्यो?"

भावजी गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी. म्हणजे मेकॅनिकने, पण माझ्या सांगण्यावरून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावून सांगितलं. मिलमध्ये वायरमनला पहिला धडा हाच असतो की माणसाचा हात ज्या लोखंडाला लागतो त्यातून वीज परत पाठवायची नाही, परतीला तिची स्वतःची वायर द्यायची. गाडीत बारा व्होल्ट, तिथे त्याची काही गरज नसते, सगळं जग बॉडीवर भागवतं. पण हा मिलचा माणूस, त्याचा हात तसा वळलाच नसणार. आणि झालं असं की मासळीच्या खारट पाण्याने चासी आतून खाल्ली, लोखंडातून परतीची वाट राहिलीच नाही... तरी गाडी चालत होती, ती त्या जादा वायरींवर.

म्हणजे सुवाहकाचं वाक्य बरोबर होतं. फक्त धडा नव्या लोखंडाचा होता.

आता प्रश्न असा की सातही टोकं काळी, सारखीच टेप गुंडाळलेली. सहा वायरी सहा वस्तूंकडून येणाऱ्या आणि एक सगळ्यांना घेऊन बॅटरीकडे जाणारी. ती एक सापडली की बाकीच्या तिला बांधायच्या, काम झालं. पण तिचं दुसरं टोकही कापलेलं, ते गाडीखाली चिखलात आणि माशांच्या चिकट थरात कुठेतरी अडकलेलं. शोधायला दोन-तीन तास गेले असते. तेव्हा तीन वाजत आले होते.

बाबलभाऊ पॉलिश पेपर घेऊन गाडीखाली शिरले. मला सांगितलं, वैनी, तू आत बस, मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नको. मी आत बसले. दोन मिनिटं धीर धरला, तोही मोठ्या मुश्किलीने. मग चिमटा डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीला लावला आणि सुई एकेका थोटकाला टेकवायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं, काही नाही. चौथ्याला दिवा लागला.

लागला आणि विझला. लागला, विझला. लागला, विझला. मग थांबला. मला वाटलं माझा हात हलतोय, म्हणून सुई घट्ट धरली. थोड्या वेळाने परत तसंच, तीन वेळा. घाईने नाही. एकसारखं, मोजून.

मी खूश होऊन ओरडले, भाऊ, चौथीला दिवा लागतोय, पण सारखा राहत नाही.

गाडीखालचा पॉलिश पेपरचा आवाज थांबला. मग बाबलभाऊंचा आवाज आला, अगदी सावकाश. "वैनी, बॅटरी भायर आसा."

मी काचेतून बघितलं. बॅटरी खरोखरच बाहेर होती. दुकानाच्या दारात एका फळीवर ठेवलेली, दोन्ही टोकं मोकळी, आणि शेजारी भावजी उकिडवे बसून चहा पीत होते. गाडीखाली शिरण्याआधी बाबलभाऊंनी ती काढून ठेवली होती. गाडीत वीज नव्हती. कुठूनही नव्हती.

माझ्या हातात दिवा तिसऱ्यांदा लागायला लागला. तोवर बाबलभाऊ बाहेर येऊन खिडकीशी उभे राहिले होते. त्यांनीही पाहिलं — एक, दोन, तीन. त्यानंतर नाही लागला.

बाबलभाऊ फुटपाथच्या कडेवर जाऊन बसले. भावजींनी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिले. मला वाटलं उन्हाचा त्रास झाला. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "आधी किती येळा पेटलो?"

मी सांगितलं, दर खेपेला तीन.

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे अकरा वर्षांत नवऱ्याने सांगितलं नव्हतं. साचेखात्यात मागांचा आवाज एवढा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. मागवाले एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचे. वायरमन मागाच्या पोटात हात घालून बसलेला, आणि त्याचा जोडीदार पन्नास पावलांवर बोर्डाशी, स्विचवर हात ठेवून. चुकून आधी चालू केलं तर हात जाईल, जीवही जाईल. म्हणून या दोघांनी टेस्ट लॅम्पच्या खुणा ठरवल्या होत्या. एकदा लावला तर बंद कर. दोनदा, थांब. आणि तीनदा...

"हात भायर काढलंय. माका काय झाला नाय. चालू कर."

त्यांनी हातातलं पाणी एका घोटात संपवलं. मग बाबलभाऊ उठले, चौथी वायर धरून माग काढत गेले आणि अर्ध्या तासात तिचं दुसरं टोक मागच्या आडव्या पट्टीखाली सापडलं. मुख्य परतीची तीच होती. नवी वायर जोडून ती सरळ बॅटरीपर्यंत नेली, बाकीच्या सहा तिला बांधल्या. भंगारवाला चारच्या आधीच आला होता. तो चहा घेऊन बसला होता. बाबलभाऊंनी बॅटरी लावली आणि चावी माझ्यापुढे धरली. मला गाडी चालवता येत नव्हती, नुसती फिरवता येत होती. फिरवली. हीटर तापेपर्यंत थांबले, अजून फिरवली. चालू झाली. भंगारवाल्याने कप खाली ठेवला आणि कोणाला काही न बोलता निघून गेला.

तुम्हाला वाटेल मी रडले. नाही. घरी आले, दार लावलं आणि फोटोशी भांडले. अकरा वर्षं शेजारी झोपले, मला एक शब्द नाही. आणि निरोप पाठवला तो असल्या खुणेत, जी फक्त बाबलभाऊंना कळते? मेल्यावरसुद्धा मिलशीच बोललात. आठ दिवस मी फोटोला हार घातला नाही. एका दिव्यावर रुसलेली बत्तीस वर्षांची एसएससी पास बाई डोळ्यासमोर आणा. मला आता तिचं हसू येतं... आणि जरा मायाही वाटते.

गाडी पुढे सहा वर्षं चालली. आधीच्या कोळिणी परत आल्या, भावजींनी नोकरी घेतली नाही, माझी मुलगी त्या गाडीच्या कमाईवर शिकली. बाबलभाऊंनी त्यानंतर दोनदा बॅटरी काढून, तोच दिवा त्याच ठिकाणी लावून पाहिला. लागला नाही. नात इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे. ती म्हणाली, आजी, शेजारी रेल्वेची वायर होती, त्यामुळे काहीतरी झालं असेल. मग तिने कागदावर गणित मांडलं, आणि तो बल्ब तेवढ्याने लागणार नाही असं तिनेच सांगितलं. तरी ती म्हणते कारण असणारच. असेल. मला सापडलेलं नाही, कोणाला सापडलं तर इथे जरूर लिहा, मी वाचेन.

बाबलभाऊ आता नाहीत. ते आजारी होते तेव्हा मी एकदा भेटायला गेले होते, पेज घेऊन, यावेळी वेळेत. तेव्हा मनातलं विचारून टाकलं. म्हटलं, भाऊ, खूण तुमची होती, मग दिवा माझ्या हातात का लागला? ते म्हणाले, खूण बोर्डावरच्याला द्यायची असते, त्या दिवशी बोर्डावर तू होतीस. मग मी अजून एक विचारलं, जे विचारायची लाज वाटत होती. एकदा म्हणजे बंद, दोनदा म्हणजे थांब, तीनदा म्हणजे चालू. आणि 'इकडे ये' म्हणायचं असेल तर किती वेळा?

त्यांनी बोटांवर खुणा मोजून पाहिल्या. "तशी खूण नव्हती गो वैनी. बोर्डावरल्या माणसान जागा सोडूची नसता."

तो टेस्ट लॅम्प माझ्याकडे आहे. दुपारी घरचे बाहेर गेले की कधी कधी हातात घेऊन बसते, चिमटा कशालाच न लावता. तीन नकोत मला, ते मिळाले. मी चारची वाट बघते. नियमात बसत नाही ते ठाऊक आहे, पण ते तीन तरी कुठे नियमात बसून लागले होते?